मुलांची बैठक व पाठीचा कणा

बसकरपट्टीवर बसलेले मूल पोक काढून लिहू लागले की त्यास "ताठ बस" असे सांगण्यात येते. मूल क्षणभर ताठ होते आणि पुन्हा वाकते. यात त्याचा आळस नसतो. वही जमिनीवर असल्यामुळे दृष्टी खाली जाते. दृष्टीमागे मान व मानेमागे पाठ वाकते. म्हणून आज्ञेपेक्षा व्यवस्था बदलणे अधिक हितावह होय.

वहीखाली उतरती फळी द्यावी. ती नसल्यास मांडीवर दप्तर घेऊन त्यावर वही ठेवू द्यावी. चांगली बैठकही फार वेळ टिकविल्यास स्नायू थकतात. यास्तव तासिकेच्या मध्यावर मुलांना उभे करून हात वर ताणावयास लावावे. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असे २०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणात म्हटले आहे. म्हणजे २० किलोच्या मुलास २ किलोची मर्यादा होय. दप्तराचे पट्टे दोन्ही खांद्यांवर असावेत.

सर्वच वाकणे सवयीचे नसते. वहीस नाक लावणाऱ्या मुलाची दृष्टी तपासून घ्यावी. गुडघे न मोडता मूल पुढे वाकले असता पाठीची एक बाजू उंच दिसल्यास कणा बाजूस वळला असण्याचा संभव असतो. वाढीच्या वयात ही वक्रता वेगाने वाढू शकते. वेळीच आढळल्यास ती पुष्कळदा आवरता येते. असे मूल २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास अवश्य दाखवावे. मुलांना रोज पाहणाऱ्या शिक्षकाच्या नजरेस हा दोष सर्वांआधी येऊ शकतो.