मोठ्या आतड्याचा वाटा

सायली, प्रोबायोटिकच्या गोळ्या संपल्या, आता आणखी आणू का, असं तू विचारलंस. डॉक्टरांनी सांगितल्या असतील तर आण. पण केवळ 'पोटाला चांगल्या' म्हणून आणणार असशील, तर ते पैसे भाजीबाजारात खर्च कर. फोनवर सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते. मी वर्षानुवर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि स्वयंपाक सासूबाईंच्या हाताखाली शिकले. या दोन्हींचं जिथं एकमत होतं, तेवढंच इथं सांगते आहे.

माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. सगळ्यांचं मिळून वजन जेमतेम २०० ग्रॅम. आपल्याला जे पचत नाही, म्हणजे धान्याचा कोंडा, डाळींची सालं, भाज्यांचे तंतू, त्यावर ते जगतात. ते हे तंतू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना मुख्य शक्ती मिळते ती या ब्युटिरेटमधून. शिवाय हे जिवाणू के जीवनसत्त्व आणि काही बी जीवनसत्त्वं बनवतात, रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत आणि आपल्या प्रतिकारशक्तीला वळण लावतात. त्यांना तंतू मिळाले नाहीत तर काय होतं, ते उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे: ते आतड्याच्या अस्तरावरचा बुळबुळीत थर खायला लागतात.

मैदा, साखर, पांढरा ब्रेड हे बहुतेक सगळं लहान आतड्यातच शोषलं जातं. खाली फारसं काही पोचत नाही. आपण जेवायच्या आधी गाईचा घास काढून ठेवतो ना, तसा प्रत्येक जेवणात मोठ्या आतड्याचा वाटा काढायचा. मला सांगायचं आहे ते एवढंच.

आता दही. १९०८ सालचे नोबेलविजेते मेचनिकॉफ यांनी आंबवलेल्या दुधाचा संबंध दीर्घायुष्याशी जोडला, तेव्हापासून जगभर दह्याचं कौतुक आहे. दही खावंच. पण त्यातले जिवाणू बहुधा आतड्यात कायमची वस्ती करत नाहीत, काही दिवसांत निघून जातात. म्हणून दही-ताक आठवड्यातून एकदा वाडगाभर खाण्यापेक्षा रोज थोडं थोडं घ्यावं. थंडीत निफाडकडे पारा उतरला की नाशकात दही लागत नाही अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. दूध बोटाला सोसेल इतकं गरम असतानाच विरजण घालावं, भांडं जुन्या शालीत गुंडाळावं आणि रात्रभर हलवू नये. ताकाची कढी केलीस तर चवीला उत्तम, पण उकळीत जिवाणू मरतात. म्हणून जेवणात थोडं कच्चं ताक ठेवत जा.

आपल्या जिल्ह्याचं खरं धन कांदा आहे. लासलगावचा कांदा देशभर जातो आणि आपण तो नुसता फोडणीपुरता मानतो. त्यातले फ्रुक्टान नावाचे तंतू माणसाला अजिबात पचत नाहीत, ते सरळ खाली जातात आणि बिफिडो जातीच्या जिवाणूंना ते फार मानवतात. लसणातही तेच असतात. भाकरीबरोबर बुक्कीनं फोडलेला कांदा खाणाऱ्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. मात्र कांद्यानं पोट फुगत असेल, कळ येत असेल, तर हट्ट करू नकोस. काहींना तो सोसत नाही.

दुसरी नागली. पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या डोंगरात ती पिकते. तिथल्या घरांत नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी असते. नागलीचं पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी त्याची आंबील केलीस, तर तंतू आणि आंबवण दोन्ही एकाच वाटीत येतात. पुण्याच्या संशोधकांनी २०१६ साली भारतीयांच्या आतड्यांतल्या जिवाणूंची इतर देशांतल्या लोकांशी तुलना केली, तेव्हा आपल्याकडे प्रिव्होटेला नावाचे जिवाणू जास्त आढळले. धान्य, डाळी, भाज्या खाणाऱ्या लोकांत ते जगभर जास्त सापडतात. ताट बदललं की पोटातली ही वस्तीही बदलते. परदेशी गेलेल्यांची मुलं पिझ्झावर वाढतात, तेव्हा मला याचीच काळजी वाटते.

मिसळ खाताना तर्री कमी घे, मटकी जास्त घे. मटकीनं गॅस होतो तो याच आंबवण्यामुळे. भिजवून मोड आणले की तो बराच कमी होतो. आजवर मैदाच जास्त खात आला असाल तर तंतू एकदम वाढवू नका, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या. नाहीतर पोट गच्च होतं आणि माणूस नागलीलाच नावं ठेवतो.

बाळाचं वेगळं सांगते. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात, की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या पोटातल्या बिफिडो जिवाणूंसाठी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिले होते. म्हणून सहा महिने फक्त अंगावरचं दूध. घुट्टी नको, पाणी नको. मध तर वर्षभर नकोच, कोणत्याही मावशी-आत्यानं आग्रह केला तरी. त्यातल्या बीजाणूंनी तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

सर्दी-पडसं विषाणूंनी होतं. त्यावर अँटिबायोटिक उपयोगाचं नाही, उलट पोटातले चांगले जिवाणू तेवढे मरतात. मेडिकलवाल्याकडून आपल्या मनानं गोळी घेऊ नकोस. डॉक्टरांनी दिलं असेल तर मात्र सांगितले तितके दिवस पूर्ण घे. त्यानंतर जुलाब थांबेनात, शौचातून रक्त गेलं किंवा कारण नसताना वजन उतरलं, तर ताक-आंबिलीच्या भरवशावर एक दिवसही काढू नकोस, लगेच डॉक्टरांना दाखव.

नागली पाठवते आहे. एकदम दळून आणू नकोस, आठवड्यापुरती दळ. पीठ चाळायचं नाही.