घटक ४ : कारण, निमित्त आणि समर्थन – रशिया-युक्रेन युद्धावरील वादाच्या आधारे युक्तिवादाचा अभ्यास

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास –
• कारण, निमित्त, सबब आणि समर्थन या शब्दांतील भेद स्पष्ट करता येईल.
• परस्परविरोधी युक्तिवाद एकाच कसोटीवर तपासता येतील.
• वाक्यरचनेमुळे कर्त्याची जबाबदारी कशी झाकली जाते, हे दाखवता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या सैन्याने युक्रेनवर चौफेर आक्रमण केले. ही घटना आपल्यापासून हजारो किलोमीटर दूर घडली. परंतु तिचे पडसाद खानदेशातही उमटले. जळगाव-धुळ्याकडील काही मुलेमुली त्या वेळी वैद्यकीय शिक्षणासाठी युक्रेनमध्ये होती. १ मार्च रोजी खारकीव्ह येथील गोळीबारात एका भारतीय विद्यार्थ्याचा मृत्यू झाल्याचे वृत्त आले, तेव्हा या मुलांच्या घरी किती काळजी दाटली असेल, याची कल्पना आपण करू शकता. पुढे 'ऑपरेशन गंगा' या मोहिमेच्या काळात सुमारे २२,५०० भारतीय मायदेशी परतले.

मुले परतली, तरी एक वाद मात्र गावोगावी चालू राहिला : या युद्धाचे कारण काय? गावच्या पारावर, बसस्थानकावर, घरच्या ओट्यावर दोन शहाणी माणसे या प्रश्नावर तावातावाने भांडतात आणि शेवटी एकमेकांना 'रशियाचे वकील' किंवा 'अमेरिकेचे वकील' ठरवून उठतात. असे का होते? बहुधा दोघे एकाच प्रश्नाचे उत्तर देत नसतात. एक जण 'हे कशामुळे घडले?' हे सांगतो, तर दुसरा 'हे योग्य होते का?' हे सांगतो. हा फरक ओळखणे हा प्रस्तुत घटकाचा मुख्य विषय आहे.

४.२ चार शब्द

कारण म्हणजे ज्यावाचून घटना घडली नसती किंवा तशी घडली नसती, ती गोष्ट. निमित्त म्हणजे आधीच साचलेल्या गोष्टींना वाट करून देणारा तात्कालिक प्रसंग. समर्थन म्हणजे केलेली कृती योग्य होती असे सांगणे.

चौथा शब्द 'सबब' विशेष लक्षात घ्यावा. अर्जाच्या शेवटी आपण 'सबब, विनंती की' असे लिहितो, तेव्हा त्याचा अर्थ 'या कारणास्तव' असा होतो. 'सबबी सांगू नका' असे म्हणतो, तेव्हा तोच शब्द खोट्या किंवा लंगड्या कारणाचा वाचक ठरतो. एकाच शब्दात कारणही आहे आणि पळवाटही आहे. वादातही नेमके असेच घडते : एकाला जे कारण वाटते, ते दुसऱ्याला सबब वाटते.

४.३ जवळचे उदाहरण : पोटॅश

प्रथम सोपे उदाहरण घेऊ. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात 'युद्धामुळे पोटॅश महागले' हे विधान अनेकांना सहज पटते. केळीला पोटॅश भरपूर लागते, भारत आपल्या गरजेचे जवळजवळ सर्व पोटॅश आयात करतो आणि रशिया व बेलारूस हे त्याचे मोठे उत्पादक आहेत. त्यामुळे विधान निराधार नाही.

आता तारखा पाहा. जागतिक बाजारातील दर २०२१ मध्येच चढू लागले होते. त्याच वर्षी पाश्चात्त्य देशांनी बेलारूसवर निर्बंध लादले. १ फेब्रुवारी २०२२ पासून लिथुआनियाने आपल्या रेल्वेमार्गाने होणारी बेलारूसच्या पोटॅशची वाहतूक थांबवली. हे सर्व आक्रमणापूर्वीचे आहे. पुढे २०२३ मध्ये युद्ध चालू असतानाच जागतिक दर उतरले. म्हणजे युद्धाने तेजीत भर घातली. परंतु ते तिचे एकमेव कारण नव्हते. 'युद्ध थांबेल तेव्हाच दर उतरतील' असे मानून ज्याने खताचा हिशेब मांडला, त्याचा हिशेब चुकला. कारण चुकीचे ओळखले की निर्णयही चुकतो.

४.४ युद्धाच्या कारणांविषयी दोन बाजू

पहिली बाजू नाटोच्या विस्ताराकडे बोट दाखवते. १९९९ आणि २००४ मध्ये पूर्व युरोपातील अनेक देश नाटोत आले. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टच्या परिषदेत युक्रेन व जॉर्जिया पुढे सदस्य होतील, असे जाहीर झाले. यातून रशियाला असुरक्षित वाटू लागले, असे ही बाजू मांडते. अमेरिकन अभ्यासक जॉन मिअरशायमर यांनी २०१४ पासून हा विचार आग्रहाने मांडला.

दुसरी बाजू रशियाच्या साम्राज्यवादी दृष्टीला कारण मानते. १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात युक्रेनमधील ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याला कौल दिला. १९९४ च्या बुडापेस्ट करारपत्रात रशियाने युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याचे मान्य केले. तरीही २०१४ मध्ये त्याने क्रिमिया ताब्यात घेतला आणि जुलै २०२१ च्या लेखात पुतिन यांनी रशियन व युक्रेनियन हे एकच लोक असल्याचे प्रतिपादन केले.

दोन्ही बाजूंना एकच कसोटी लावा : सांगितलेले कारण एकटे पुरेसे आहे का? नाटोची जवळीक एवढेच कारण पुरेसे असेल, तर एप्रिल २०२३ मध्ये सुमारे १,३०० किलोमीटरची सामायिक सीमा असलेला फिनलंड नाटोत आला, तेव्हा रशियाने त्याच्यावर आक्रमण का केले नाही? उलट, साम्राज्याची आकांक्षा एवढेच कारण पुरेसे असेल, तर पूर्ण युद्ध २०२२ मध्येच का, त्याआधी का नाही? दोन्ही बाजूंकडे या प्रश्नांची काही उत्तरे आहेत. परंतु प्रश्न टाळून दिलेले उत्तर हा युक्तिवाद नसून केवळ घोषणा असते.

४.५ वाक्याचा कर्ता कोण?

पुढील दोन वाक्ये वाचा.
(अ) नाटोमुळे युद्ध झाले.
(आ) नाटोला रोखण्यासाठी रशियाने युद्ध केले.

पहिल्या वाक्यात युद्ध पावसासारखे आपोआप 'झाले' आहे. ते करणारा कोणी उरलेला नाही. दुसऱ्या वाक्यात कर्ता आणि हेतू दोन्ही आहेत. '-मुळे' आणि '-साठी', 'झाले' आणि 'केले' यांतील हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. त्यावर जबाबदारी कोणाची हे ठरते. याउलट 'एका माणसाच्या हट्टामुळे सारे घडले' या वाक्यात तीस वर्षांचा इतिहास गळून पडतो. पहिल्या चुकीत माणूस नाहीसा होतो, तर दुसरीत परिस्थिती.

म्हणून दोन गोष्टी एकत्र धरता आल्या पाहिजेत. युद्धामागील कारणे अनेक असू शकतात. आक्रमणाचा आदेश मात्र एका ठिकाणाहून दिला गेला आणि त्याची जबाबदारी कारणांच्या यादीत वाटली जात नाही. कारण शोधणारा समर्थक असतोच असे नाही आणि निषेध करणाऱ्याने कारण शोधू नये असेही नाही.

४.६ सारांश

वादात उतरण्यापूर्वी आपण कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहोत, हे निश्चित करावे. तारखांचा क्रम पाहावा, कारण पुरेसे आहे का हे तपासावे आणि वाक्यातील कर्ता शोधावा. ज्या घरातील मूल तळघरात रात्री काढत होते, त्या घराला 'हे कोणी केले आणि का?' असे दोन्ही प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. एका प्रश्नाचे उत्तर देऊन दुसरा मिटवणे, ही त्या घराची फसवणूक ठरेल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. कारण आणि निमित्त यांतील फरक स्वतःच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. 'दंगल पेटली' आणि 'दंगल पेटवली' या वाक्यांतील जबाबदारीविषयक फरक सांगा.
३. 'सबब' या शब्दाचे दोन अर्थ वाक्यांत उपयोग करून दाखवा.

उपक्रम

खाज्या नाईक यांच्या नेतृत्वाखाली १८५७-५८ मध्ये सातपुड्यात झालेल्या भिल्लांच्या उठावाची माहिती जवळच्या ग्रंथालयातून मिळवा. लेखकांनी दिलेल्या कारणांची यादी करा आणि प्रत्येक कारणास या घटकातील कसोट्या लावून दोनशे शब्दांत टिपण लिहा.