बिबट्यांच्या हिशेबावरून

चि. सोनू,


खत-औषधांच्या दुकानातली नोकरी सोडून डेटा ॲनालिटिक्सकडे वळायचं म्हणतेस, तर जरूर वळ. मात्र कृषी पदवी वाया गेली, आता शून्यापासून सुरुवात, हे तू धरून बसली आहेस ते मला पटत नाही. या धंद्यात आकडेमोडीपेक्षा अवघड असतं ते आकड्यांना काय विचारायचं हे कळणं. ते विषय मुरल्याशिवाय कळत नाही.

जुन्नरच्या बिबट्यांचंच बघ. माणूस-बिबट्या संघर्ष कमी व्हावा म्हणून फेब्रुवारी २००१ पासून बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडायची मोहीम सुरू झाली. २९ बिबटे सरासरी ३९.५ किलोमीटरवर नेऊन सोडले. लोकांना हायसं वाटलं असणार. पण वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा आधी वर्षाला सरासरी ४ असलेले हल्ले २००१ ते २००३ मध्ये १७ वर गेलेले दिसले. २०११ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. यातली बेरीज आणि भागाकार शाळकरी पोरगंही करील. उपायानेच दुखणं वाढलं का, हा प्रश्न मात्र बिबट्याची हद्द आणि स्वभाव ठाऊक असलेल्यालाच सुचतो. शिवाय एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नव्हे. त्या काळात आणखी काय बदललं, तेही ताडून पाहावं लागतं.

तुझ्या हाताशी असाच माल आहे. जुलै २०२३ मध्ये नारायणगावला टोमॅटोच्या क्रेटच्या दराने दोन हजार रुपयांचा आकडा ओलांडला. परका विश्लेषक हा आकडा टायपिंगची चूक समजून काढून टाकील. तू मात्र आधी लागवड किती झाली, रोग कोणता होता, माल कुठून आला, हे विचारशील.

कंपन्या इंजिनिअरच मागतात, ही तुझी शंका अगदीच खोटी नाही. पुण्यातल्या मोठ्या आयटी कंपन्यांत पहिली चाळणी पदवीचीच लागते. म्हणून ते दार आधी ठोठावू नकोस. बियाणं, पीक विमा, शेतीकर्ज, फळभाज्यांची निर्यात, इथेही आकडे वाचणारी माणसं लागतात आणि तिथे तुझी पदवी आड येत नाही, उपयोगी पडते. दुसरी शंका एआयची. एसक्यूएलची क्वेरी ते लिहून देईल, हे खरंच. त्यामुळे केवळ क्वेरी लिहिता येणाऱ्याचा भाव उतरणार. पण सातगाव पठारावरचा बटाटा पावसाळी पिकाचा, त्याची आवक इतर हंगामांशी जशीच्या तशी जोडून चालणार नाही, हे त्याला कुणी तरी सांगावं लागेल. आणि त्याने दिलेलं उत्तर चुकीचं असलं तर ते ओळखावंही लागेल.

आता क्लासचं. 'नोकरीची शंभर टक्के हमी' देणाऱ्या पाटीखाली लाखभर रुपये ओतू नकोस. एक्सेल आणि एसक्यूएल पक्कं कर, मग पॉवर बीआय. पायथॉनची घाई नको. पणन मंडळ बाजारसमित्यांची रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर प्रसिद्ध करतं. नारायणगाव आणि मंचरचे काही वर्षांचे आकडे उतरवून घे, त्यातल्या गाळलेल्या तारखा शोध, आणि एकाच प्रश्नाचं उत्तर दोन पानांत मांड. मुलाखतीत प्रमाणपत्राआधी ती पानं पुढे ठेव. तोवर दुकानातला पगार सोडू नकोस. घरचा हप्ता त्यावर चालतो.

तुझा,
मामा