उडीपेक्षां उतरणें कठीण
(खेळण्यांतील मोटारीसाठीं घरगुती चढ-उतार)

आमच्या खानदेशांतील मुलांस चाकांची हौस पूर्वापार आहे. ज्वारीच्या धांड्यांचे तुकडे काट्यांनीं जोडून केलेली बैलगाडी मागच्या पिढ्यांनीं अंगणांत ओढली. पहूरच्या मुलांनीं तर पाचोऱ्याहून जामनेरास जाणारी अरुंद रुळांची आगगाडी पुष्कळ वर्षें डोळे भरून पाहिली. ती गाडी २०२० सालीं थांबली. आज त्याच गांवांतील मुलांच्या हातीं बिनतारी लहरींनीं दुरून चालविण्याची लहान मोटार आली आहे. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें एक छोटी नौका अशाच लहरींनीं चालवून दाखविली होती. तेव्हांचा चमत्कार आज मुलांचें खेळणें झाला आहे. अशा मोटारीस घरांतल्या घरांत उडी मारतां यावी म्हणून चढ-उतार कसा बांधावा, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे. विषय खेळाचा खरा. परंतु त्यांत गतीचे नियम आहेत, आणि एक धडा पुस्तकाबाहेरचाहि आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटींत मी पहूर येथें बहिणीकडे गेलों होतों. माझ्या भाच्यानें एक वीतभर लांबीची मोटार माझ्यापुढें आणून ठेविली व विचारलें, "मामा, हिला उडी मारतां येईल का?" मोटार त्याची नव्हती; शेजारच्या मित्राकडून त्यानें ती एका दिवसापुरती मागून आणिली होती. मित्राच्या वडिलांनीं कापसाच्या पैशांतून ती मुलास घेऊन दिली होती. मीं मागचापुढचा विचार न करतां एका फळीचें टोक पाटावर टेकविलें आणि म्हणालों, "सोड." मोटार वेगानें चढली, हवेंत गेली, पुढच्या बाजूस कलली आणि फरशीवर नाक आपटून पडली. पुढच्या चाकांचा दांडा मोडला.

क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग भाच्यानें हळूच विचारलें, "मामा, चालतां चालतां मोडली असें सांगूं का?" मीं म्हटलें, "नाहीं. मोडली ती माझ्यामुळें. तें मीच सांगेन." आम्ही दोघे शेजारीं गेलों आणि झालें तें सांगितलें. मुलाचे डोळे भरून आले. त्याचे वडील मात्र थोडा वेळ मोटार हातांत फिरवून म्हणाले, "मास्तर, मोडलें तें बदलतां येईल, पण कां मोडलें, तें या पोरांना समजावून द्या." नवा दांडा मिळण्यास आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत आम्हीं जें शिकलों तेंच पुढें देत आहें.

हवेंत गेलेली वस्तु खालीं कां येते? पृथ्वीच्या अंगीं आकर्षणशक्ति आहे, हें भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या आपल्या 'सिद्धान्तशिरोमणि' ग्रंथांत सांगितलें आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिला, त्याविषयींचा १२०७ चा शिलालेख आपल्याच जिल्ह्यांत चाळीसगांवजवळ पाटण येथें आहे. पुढें इटलींत गॅलिलिओनें उतरत्या फळीवरून गोळे सोडून पतनाचे नियम शोधिले व फेकलेल्या वस्तूचा मार्ग परवलय नांवाच्या वक्ररेषेचा असतो, असें १६३८ सालच्या ग्रंथांत सिद्ध केलें. आमची मोटारहि त्याच रेषेनें गेली. वर जाणें ज्या नियमानें झालें, त्याच नियमानें खालीं येणें झालें. मीं चढ मांडला, उतार मात्र मांडलाच नव्हता. चूक झाली ती ही.

दुसरें कारण मोटारीच्या कलण्याचें. पुढचीं चाकें फळीची कड सोडतात त्या क्षणीं मागचीं चाकें अजून फळीवरच असतात. तेवढ्या वेळांत पुढची बाजू पडूं लागते व मोटारीस नाकाकडे फिरण्याची गति मिळते. वेग जितका कमी, तितका हा वेळ जास्त. त्यांत चालविणारा घाबरून हवेंत असतांना एकदम वेग तोडतो किंवा रोधक दाबतो; त्यामुळें फिरतीं चाकें थांबतात व त्यांची फिरण्याची गति मोटारीच्या अंगास मिळून नाक आणखी खालीं जातें. म्हणून कड सुटेपर्यंत आणि सुटल्यावरहि वेग सारखा ठेवावा.

आतां बांधणी पाहूं. पातळ प्लायवुड किंवा दुहेरी चिकटविलेला जाड पुठ्ठा पुरतो. चढासाठीं तीन काटकोन त्रिकोण कापावे: पाया २८ सेंटिमीटर, उंची १० सेंटिमीटर. कंपासपेटींतील कोनमापक लावून पाहिल्यास चढाचा कोन सुमारें २० अंश भरेल. उतारासाठीं दुसरे तीन त्रिकोण कापावे: पाया ६० सेंटिमीटर, उंची तीच १०. वरच्या फळ्यांची लांबी किती लागेल, हें विद्यार्थ्यांनीं पायथागोरसच्या सिद्धांतानें आधीं काढावें व मगच करवत हातीं घ्यावी. चढास सुमारें ३० व उतारास सुमारें ६१ सेंटिमीटर येते. चढाची रुंदी २५ सेंटिमीटर पुरे; उतार मात्र ४० सेंटिमीटर रुंद करावा, कारण उडी किंचित् तिरपी जाऊं शकते.

त्रिकोण समान अंतरावर उभे करून सरसानें फळी बसवावी व रात्रभर वर वजन ठेवावें. चढावर कांचकागद चिकटविल्यास चाकें घसरत नाहींत. चढ जेथें फरशीस मिळतो तेथें पातळ पुठ्ठ्याची पट्टी चिकटपट्टीनें लावावी, म्हणजे मोटारीचें पोट सांध्यावर आपटणार नाहीं. चढ व उतार यांच्या मध्यें ३० सेंटिमीटर लांबीचा आणि बरोबर १० सेंटिमीटर उंचीचा भरीव खोका ठेवावा. उडी अपुरी पडली तरी मोटार खोक्यावर उतरते, उताराच्या कडेवर आदळत नाहीं. खोक्याऐवजीं पुस्तकें रचूं नयेत. तीं वाचण्यासाठीं आहेत.

उतार चढाच्या दुपटीहून लांब कां, हें आंकड्यांवरून कळेल. मोटार म्हणजे एक बिंदु असें समजूं व हवेचा अडथळा सोडून देऊं. कड सोडतांना वेग सेकंदास २.२ मीटर असेल, तर मोटार कडेपासून सुमारें ३३ सेंटिमीटरांवर टेकते, २.५ असेल तर ४८ वर; ३ असेल तर ७५ वर. आमचा उतार ३० पासून ९० सेंटिमीटरांपर्यंत पसरलेला आहे, म्हणून या तिन्ही उड्या त्याच्या पोटांत मावतात. उतार आंखूड असता तर वेगांतील थोड्याशा फरकानें मोटार फरशीवर गेली असती. २.५ मीटर वेगाची उडी सपाट फरशीवर पडल्यास मोटार जमिनीवर सेकंदास सुमारें १.६ मीटर वेगानें आदळते. उतारावर पडल्यास उताराच्या फळीशीं लंब दिशेचा वेग ०.७ च्या आसपासच राहतो. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणें बदलते, म्हणून ती पांचव्या हिश्श्यावर येते. मोटार तीच, उडी तीच. दांडा मोडणें न मोडणें उतारावर अवलंबून!

वेग मोजण्यासाठीं फरशीवर खडूनें तीन मीटर अंतराच्या दोन रेघा काढाव्या व मोटार धांवत आणून त्या रेघांमधील वेळ मोबाइलच्या घड्याळावर घ्यावा. एका मोजणीवर विश्वासूं नये; दहा वेळां मोजून सरासरी काढावी. दहा सेंटिमीटर चढतांना कांहीं वेग खर्च होतो. यंत्राचें बळ धरलें नाहीं, तर कडेवर २.५ मीटर वेग राहण्यास फरशीवर सुमारें २.९ लागतो, म्हणजे तीन मीटरांस साधारण एक सेकंद.

पहिल्या उड्या उतारावर मारूं नयेत. खोका व उतार बाजूस सारून चढापुढें जाड गोधडी अंथरावी, तिच्यावर वर्तमानपत्र पसरून थोडी रांगोळी भुरभुरावी. मोटार जेथें पडेल तेथें चाकांचा ठसा उमटतो. दहा ठसे एकमेकांजवळ पडूं लागले म्हणजे हात बसला असें समजावें व मग खोका आणि उतार जागीं मांडावे.

पालकांसहि दोन शब्द. उडीच्या वाटेंत लहान मूल, समई किंवा कांचेचें सामान नसावें. मोटारींतील लिथियमची विद्युत्-घटमाला मोठ्या माणसाच्या देखत भारावी, रात्रीं झोंपतांना भारत ठेवूं नये. ती फुगली वा ठेंचली तर पुन्हां वापरूं नये.

आठव्या दिवशीं नवा दांडा बसला. पहिली उडी कोणीं मारावयाची, हा प्रश्न निघाला तेव्हां भाच्यानें चालक-यंत्र मित्राच्या हातीं दिलें. पहिली उडी खोक्यावरच राहिली, दुसरी उताराच्या मध्यावर अलगद टेकून दारापर्यंत धांवत गेली. मित्राचे वडील ओट्यावरून पाहत होते. ते म्हणाले, "मास्तर, अजिंठ्याचा घाट चढायला बैलाचा जोर लागतो, पण उतरायला गाडीवानाची अक्कल लागते. तसंच आहे हें."

फर्दापुराहून तो घाट चढून गेलेल्यांस या बोलण्यांतील खरेपणा पटेल. विद्यार्थिमित्रांनो, उडी मारण्याची हौस अवश्य धरा. परंतु आपण कोठें उतरणार हें आधीं मोजा, उतरण्याची जागा आधीं बांधा, आणि मोडलेंच कांहीं तर, तें आपल्या हातून मोडलें असें सांगण्यास प्रथम आपणच पुढें व्हा.