वादळाची वर्दी आणि घरांतील पडदा

वरळीस दूरदर्शनचा उंच मनोरा आहे. मुंबई केंद्राचें प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्याच वरळीच्या उत्तर टोंकास, जुन्या किल्ल्याच्या आसऱ्यास, कोळीवाडा वसला आहे. घरांत पडद्यावर मालिका चालली आहे आणि घरधनी होडी घेऊन दर्यावर आहे, हा प्रसंग तेथें नित्याचाच. अशा वेळीं वादळाची वर्दी त्या पडद्यावर कशी आणावी, याचा थोडा विचार करूं.

बंदरांत धोक्याच्या खुणा चढविण्याची चाल जुनी आहे. दिवसां शंकूच्या व नळकांड्याच्या आकृति, रात्रीं तांबडे-पांढरे दिवे, अशा या एकंदर अकरा खुणा. पहिल्या दोन दूरच्या वादळाच्या. तिसरी चढली म्हणजे खुद्द बंदरासच सोसाट्याच्या वाऱ्याचें भय आहे असें समजावें. अकरावी मोठी मार्मिक आहे. हवामानखात्याशीं दळणवळण तुटलें असून हवा बिघडेल असें बंदरावरील अधिकाऱ्यास वाटतें, एवढाच तिचा अर्थ! परंतु या खुणा बंदराकडे पाहणारासच दिसणार. चुलीपाशीं बसलेल्या माउलीस त्यांचा काय उपयोग?

मुंबईंत २०१२ च्या अखेरीस केबलच्या ग्राहकांस सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. या प्रत्येक पेटीस स्वतःचा क्रमांक असतो. केबलच्या मुख्य केंद्रांतून एका पेटीस, ठराविक गटास किंवा सर्वांस एकदम लेखी निरोप धाडतां येतो, व निदान १२० अक्षरांचा निरोप पेटीस घेतां आला पाहिजे असा दंडक आहे. वर्गणी थकली म्हणजे पडद्यावर जी पट्टी उमटते, तिचा अनुभव कित्येक पालकांस असेलच. त्याच वाटेनें वादळाची वर्दीहि येऊं शकेल. मात्र त्यासाठीं पेट्यांचे गट वर्गणीप्रमाणें नव्हे, वस्तीप्रमाणें पाडले पाहिजेत. मुलुंडच्या घरीं होड्या ओढून घेण्याचा निरोप जाऊन काय होणार?

वर्दी देण्याचा अधिकार अर्थात् केबलवाल्याचा नव्हे. राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ नांवाची यंत्रणा आहे. तींतील वर्दीचा नमुना ठरलेला असतो: धोका कोणता, किती गंभीर, कोणत्या भागास, केव्हांपर्यंत. हीं कलमें वेगवेगळ्या रकान्यांत असल्यामुळें यंत्रास तीं आपोआप वाचतां येतात. अमेरिकेंत केबलवर अशी व्यवस्था पुष्कळ वर्षें चालू आहे. तेथें वर्दीच्या आरंभीं एक सांकेतिक खरखर तीन वेळां वाजते, कारण एक प्रत बिघडली तरी उरलेल्या दोन ताडून खरें तें यंत्रास कळावें.

यंत्र सुधारतें, माणूस चुकतो. १३ जानेवारी २०१८ रोजीं हवाई बेटांत क्षेपणास्त्र येत असल्याची खोटी वर्दी फोनवर व दूरचित्रवाणीवर झळकली, आणि ती चुकीची असल्याचा निरोप निघावयास ३८ मिनिटें लागलीं. म्हणून चांचणीचा निरोप व खरा निरोप यांच्या कळा निराळ्या असाव्या, आणि ‘वर्दी रद्द’ हे शब्द आधींच लिहून ठेवलेले असावे.

आतां मजकुराविषयीं. ‘अरबी समुद्रांत कमी दाबाचें क्षेत्र’ हें वाक्य शास्त्रशुद्ध खरें, पण त्यानें काय करावें तें कळत नाहीं. ‘उद्यां रात्रीपर्यंत होड्या काढूं नका, बाहेर असलेल्यांस परत बोलवा’ हें कळतें, आणि १२० अक्षरांत मावतेंहि. जून व जुलै यांत मासेमारीस बंदी असते, तेव्हां बहुतेक होड्या किनाऱ्यावर असतात. पण फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजीं कोंकण किनाऱ्यावर आलें, आणि तौक्ते १७ मे २०२१ रोजीं मुंबईजवळून गेलें; दोन्ही वेळां हंगाम चालूच होता.

एक अडचण राहतेच. वीज गेली कीं पेटी मुकी. म्हणून वर्दी वारा सुटण्यापूर्वींच, होडी अजून परत फिरूं शकेल अशा वेळीं, पडद्यावर आली पाहिजे. किनाऱ्यापासून फार दूर गेलेल्या होडीस फोनहि लागत नाहीं. तिच्यासाठीं बिनतारी यंत्र हवें. जवळपासच्या होडीस मात्र, पट्टी वाचून फोन उचलणारें घरांतील कोणतेंहि मूल परत बोलावूं शकेल.