मुंबई-दिल्ली : विमानाला नेमका किती वेळ लागतो?

अंतर भागिले वेग बरोबर वेळ, हे मुलांना पाठ असतं. तरी एकदा फळ्यावर मुंबई-दिल्लीचं गणित घालून बघा.

हवाई अंतर साधारण १,१४० किमी. (राजधानी एक्स्प्रेस याच प्रवासाला सुमारे १,३८४ किमी धावते, कारण रूळ बडोदा, कोटा असे वळत जातात. नकाशावर दोरा ठेवून दाखवा, मुलांना मजा येते.) विमानाचा वेग ताशी ८०० किमी धरला, तर १,१४० ÷ ८०० = १.४२५ तास. म्हणजे किती? बरीच मुलं ठामपणे सांगतील, "१ तास ४२ मिनिटं!" इथे थांबा, घाई करू नका. तासाचे भाग ६० असतात, १०० नाहीत. ०.४२५ × ६० = २५.५, म्हणजे सुमारे १ तास २५ मिनिटं. दीड तास म्हणजे १.५ तास, १ तास ५० मिनिटं नव्हे. इथून सुरुवात केली की पटकन पटतं.

पालकांनो, आता मुलांना विमानाचं वेळापत्रक दाखवा. त्यात दोन तासांहून जास्त वेळ दिसेल. मग गणित चुकलं का? नाही. ८०० हा वेग उंचावर गेल्यानंतरचा. धावपट्टीपर्यंत सरकणं, वर चढणं, उतरताना वेग कमी करणं, गर्दी असली की आकाशात घिरट्या घालणं, हे सगळं त्या वेळेत धरलेलं असतं. २ तास १५ मिनिटं, म्हणजे २.२५ तास धरून भागायला सांगा. सरासरी वेग येतो ताशी सुमारे ५०७ किमी. "विमान एवढं हळू?" हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्या.