मेंदूचे पर्यायी उपचार: पावती फाडण्याआधी

डोक्याला मार लागला असेल किंवा अपघाताचा, हिंसेचा धक्का मनातून जात नसेल, तर पहिली खेप पर्यायी केंद्रात नको. आधी न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली मनोरुग्णालये त्यातच येतात. नुसते बोलायचे असेल तर टेलिमानस, १४४१६: चोवीस तास, मराठीत, फुकट. आधार, डिस्चार्ज कार्ड, सीटी-एमआरआयचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवा. पुढे सगळीकडे हेच लागते. झेरॉक्स द्या, मूळ प्रत नाही.

धक्क्यासाठी पैसे खर्चायचेच तर ईएमडीआरवर खर्चा. डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवण हाताळायची ही पद्धत, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये तिची शिफारस केली आहे. बैठक तास-दीड तासाची, मुंबई-पुण्यात साधारण दीड ते चार हजारांची. सहा ते बारा बैठका धरल्या तर नऊ हजारांपासून अठ्ठेचाळीस हजारांपर्यंत. समोरची व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा आणि घरी येऊन परिषदेच्या संकेतस्थळावर तपासा. क्रमांक विचारल्यावर राग आला तर तेच उत्तर समजा.

शिरोधारेने शांत वाटेल, झोपही लागेल. मेंदूची इजा भरून निघेल अशी अपेक्षा नको. दर दिवसाला साधारण एक ते अडीच हजार, सांगतात सात ते चौदा दिवस. तेल त्यात धरलेय का? वैद्यांची फी? रोजचे औषध? तिन्ही आधी विचारा. उपचाराच्या सेवेवर जीएसटी लावला असेल तर कागदोपत्री तुम्ही दवाखान्यात नाही, स्पामध्ये आहात. फिट्सच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करा म्हणाले, तर तिथून उठा.

विपश्यना फुकट: इगतपुरीला राहणे-जेवणही. दान द्यायचे तर शिबिर पूर्ण झाल्यावर, तेही ऐच्छिक. शिबिर दहा दिवसांचे, पण येण्या-जाण्यासह रजा बारा दिवसांची काढा. अर्जात मानसिक आजार लपवू नका. धक्का ताजा असेल तर दहा दिवसांच्या मौनात तो उसळून येऊ शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

खरा खिसा कापला जातो तो पॅकेजमध्ये. हायपरबेरिक ऑक्सिजनची ‘चाळीस सेशन’, न्यूरोफीडबॅकची ‘तीस’. जुन्या मेंदूइजेसाठी यातले काहीच पक्के सिद्ध झालेले नाही. वर असेसमेंटचे वेगळे, ब्रेन मॅपिंगच्या रिपोर्टचे वेगळे, मास्कचे वेगळे. ‘आजच भरलेत तर सूट’ हे वाक्य ऐकू आले की पाकीट परत खिशात. एकेका सेशनचे पैसे द्या. घेणार नसतील तर परताव्याची अट पावतीवर लिहून घ्या. बिनव्याजी हप्त्यांचे कर्ज घेऊ नका: उपचार थांबतो, हप्ता थांबत नाही. मेंदूइजेवर स्टेम सेल विकणाऱ्यांपासून तर लांबच राहा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते क्लिनिकल ट्रायलबाहेर देताच येत नाही, आणि ट्रायलमध्ये रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

विम्याचे: मानसिक आजारालाही शारीरिक आजाराइतकेच संरक्षण द्यायचे, असे मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सांगतो. आयुर्वेदाचा खर्च बहुधा ॲडमिट झाल्यावरच मिळतो. रोज जाऊन घेतलेल्या शिरोधारेचा नाही. केंद्रवाला ‘क्लेम बसवून देतो’ म्हणाला, तरी आधी विमा कंपनीला ईमेलवर विचारून घ्या.

फसलात तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करा, नाहीतर थेट जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंत पैसे भरले असतील तर तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, अर्ज ई-जागृती संकेतस्थळावर घरून करता येतो. मुदत दोन वर्षांची. पावती, जाहिरातीचे पत्रक आणि व्हॉट्सॲपवरची आश्वासने तोवर जपून ठेवा.